कृष्णाकाठच्या पुरासाठी रेडिओ साखळी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या हौशी रेडिओ (हॅम) क्लबच्या आजच्या बैठकीत पूरकाळातील संदेशवहनाचा प्रकल्प हाती घेण्याचे ठरले आणि त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. हौशी रेडिओ केंद्राच्या परवान्याबरोबर लॉगबुक लिहिण्याचे बंधन येतेच. या नोंदी त्याहून वेगळ्या आहेत. कोणाशी, किती वाजता, कोणत्या बँडवर (वारंवारतांच्या पट्ट्यावर) बोललो हे लॉगबुकात राहील. काय चुकले आणि ते कसे सुधारले, हे येथे लिहायचे आहे.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत सांगली शहरात पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट, हे येथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असल्यामुळे त्या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वीज गेली, पाठोपाठ मोबाईलचे मनोरे बॅटरी संपेल तसे एकेक करून मुके झाले, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या क्लबचा एकुलता एक चांगला रिग (बोलण्या-ऐकण्याचे रेडिओ यंत्र) हरभट रोडजवळच्या एका सदस्याच्या तळमजल्यावर पाण्याखाली होता. आपत्तीत उपयोगी पडू, असे वर्षानुवर्षे भाषणांतून सांगणाऱ्या क्लबची ही गत झाली होती, हे आज कोणीतरी मोकळेपणाने बोलून दाखवले ते बरे झाले.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे उदाहरण बैठकीत निघाले. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानला जगभरच्या हौशी केंद्रांशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर गेले होते. लाटा आल्यावर त्यांच्याच केंद्रावरून पोर्ट ब्लेअर आणि मुख्य भूमी यांच्यात निरोपांची ये-जा सुरू झाली. यंत्रे उभी होती, अँटेना ताणलेली होती आणि माणसे आधीपासून बोलून सरावलेली होती, म्हणून ते शक्य झाले. आमच्याकडे या तिन्हींपैकी एकही गोष्ट पावसाळ्यापूर्वी तयार नसते.

एक मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून ठेवली आहे. आपला सदस्य बचावाच्या बोटीत बसणार नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून माणसे नेणारी बोट उलटून काय घडले ते सर्वांनाच आठवते. रेडिओवाल्याने कोरड्या, उंच जागी बसून निरोप घ्यायचा आणि पुढे द्यायचा, एवढेच आपले काम.

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदन उरकून दुपारी नकाशा घेऊन बसलो. पाच ठिकाणे ठरली : सांगलीच्या विश्रामबागेतील एका चार मजली इमारतीची गच्ची, मिरज, हरिपूर, भिलवडी आणि मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, त्यामुळे पाण्याची हालचाल तेथे लवकर कळते. भिलवडी वरच्या अंगाला आहे. दंडोबावर पूर पोहोचत नाही.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बँडवरील लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडे फारशा वाकत नाहीत. अँटेनाची मीटरमधील उंची घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ४.१२ ने गुणायचे, की रेडिओ क्षितिजाचे किलोमीटर मिळतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील हँडीची (हातात मावणाऱ्या छोट्या रिगची) उंची दीड मीटर धरली तर उत्तर जेमतेम ५ किलोमीटर येते, आणि मधल्या इमारती पाहता शहरात त्याचे दोन झाले तरी समाधान मानावे. गच्चीवरची १२ मीटर उंचीची अँटेना १४ किलोमीटरपर्यंत पाहते. दंडोबाचा माथा सभोवतालच्या माळापेक्षा दीडशे मीटर उंच धरला, तर तेथून ५० किलोमीटर दिसायला हवेत. सगळी योजना या एका गुणाकारावर उभी आहे.

दंडोबावर रिपीटर बसवावा, असे तरुण सदस्यांचे म्हणणे पडले. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ सरकून दुसऱ्या वारंवारतेवर तेच बोलणे पुन्हा पाठवतो, त्यामुळे वापरणाऱ्याला फार सोपे जाते. परंतु त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, स्वतःच्याच प्रक्षेपणाने त्याचे कान बंद पडू नयेत म्हणून डुप्लेक्सरच्या पिंपांसारख्या डब्यांचा खर्च येतो, आणि डोंगरावर त्याची राखण कोणी करायची हा प्रश्न उरतोच. शेवटी यंत्राऐवजी माणूस बसवायचे ठरले. माथ्यावरचा सदस्य एकाचा निरोप ऐकून, लिहून घेऊन, दुसऱ्याला सांगेल. वेळ दुप्पट लागेल, हे मान्य आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज चार जे-पोल अँटेना तयार झाल्या. एसीच्या कामात वापरतात ती तांब्याची नळी घेतली. लांब दांडी १४८ सेंटीमीटर, तिच्या शेजारची आखूड दांडी ४९ सेंटीमीटर, आणि दोन्ही खाली आडव्या तुकड्याने जोडलेल्या. केबलची मधली तार लांब दांडीला आणि जाळी आखूड दांडीला, तळापासून सुमारे ५ सेंटीमीटर वर जोडायची असते. ती नेमकी जागा मात्र मोजपट्टीने सापडत नाही. आधी वायसरने क्लॅम्प सैल आवळायचा, अँटेना तपासणाऱ्या नॅनोव्हीएनए यंत्राच्या पडद्यावरची दरी १४५.५ मेगाहर्ट्झच्या आसपास येईपर्यंत तो दोन-दोन मिलिमीटर वर-खाली सरकवायचा, आणि मगच डाग द्यायचा.

डाग देण्यावरून अर्धा दिवस गेला. आमच्या नेहमीच्या ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तांब्याची नळी तापतच नव्हती, कारण टोकाला दिलेली उष्णता नळी दुसऱ्या टोकापर्यंत पसरवून टाकत होती, आणि वर बसलेला डाग नखाने निघून येत होता. वीजमंडळातून निवृत्त झालेले आमचे काका तोपर्यंत शांतपणे चहा पीत होते. त्यांनी भांड्यांना कल्हई करणाऱ्याची छोटी गॅसची बत्ती मागवली, नळी काथ्याने घासून लखलखीत केली, आधी नळी तापवली आणि ज्योत बाजूला घेऊन मग डागाची तार टेकवली. तार पाण्यासारखी सांध्यात ओढली गेली. उरलेले तीन सांधे पाऊण तासात झाले.

चारपैकी तीन अँटेनांचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप; १ म्हणजे उत्तम) १.३ च्या आत आला. चौथीचा १.७ वर अडला आहे. तिच्या आखूड दांडीला वाक आहे, हे उघड दिसत असूनही ती सरळ करायला आज कोणाच्या अंगात त्राण उरले नव्हते.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

दंडोबावर पहिली चाचणी घेतली. सकाळी आठला माथ्यावर पोहोचून बांबूला जे-पोल बांधली. विश्रामबाग आणि मिरज ही दोन्ही केंद्रे ५-९ आली (पहिला अंक पाचपैकी स्पष्टतेचा, दुसरा नऊपैकी जोराचा). हरिपूरच्या सदस्याने नुसत्या हँडीवरून, ५ वॅटवर, नदीकाठच्या घराच्या गच्चीतून हाक दिली आणि तीही स्वच्छ ऐकू आली. तो क्षण सर्वांनाच सुखावून गेला, कारण हरिपूर ते विश्रामबाग हे त्याहून कितीतरी जवळचे अंतर थेट बोलताना शहराच्या इमारती आवाज गिळून टाकतात.

भिलवडी मात्र ३-२. कोणीतरी बोलत आहे एवढे कळते, शब्द खरखरीत बुडतात. तेथील सदस्य गच्चीवर दोन पावले उजवीकडे सरकला की आवाज वर येई आणि बोलण्याच्या भरात पुन्हा डावीकडे आला की नाहीसा होई. सव्वा तास हाच खेळ चालला. भिलवडीसाठी वेगळी अँटेना करावी लागेल.

मिरजेचे केंद्र दंडोबाला सर्वांत जवळचे असूनही अपेक्षेइतका जोर दाखवत नाही. रिगची शक्ती २५ वॅट आहे, अँटेना नवी आहे. पुढच्या आठवड्यात केबल पाहायची.

२ मार्च २०२५, रविवार

मिरजेतील कोडे सुटले. सदस्याचा रिग तळमजल्यावर आणि अँटेना तिसऱ्या मजल्याच्या टाकीवर आहे, आणि मध्ये ३० मीटर आरजी-५८ जातीची बारीक केबल आहे. या केबलमध्ये दोन मीटरच्या, म्हणजे आमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, बँडवर दर १०० मीटरला साधारण २० डेसिबल नाहीसे होतात, म्हणजे ३० मीटरमध्ये ६ डेसिबल. ६ डेसिबल म्हणजे चौथाई. रिगमधून निघालेल्या २५ वॅटपैकी टाकीवर ६ वॅट पोहोचत होते आणि उरलेले १९ वॅट भिंतीलगत केबल कोमट करण्यात जात होते. येणाऱ्या क्षीण आवाजाचीही तीच चौथाई होते, हे अधिक वाईट.

आरजी-२१३ ही जाड केबल लावली असती तर निम्म्याहून थोडे अधिक वर पोहोचले असते, पण ती महाग आहे आणि कोपऱ्यांत वळत नाही. मी सुचवले की केबल बदलण्याऐवजी रिगच वरच्या खोलीत न्यावा. तळमजल्यावर रिग ठेवू नये, हे २०१९ ने शिकवले होतेच. सदस्याच्या आईने वरच्या खोलीतील लोणच्याच्या बरण्या हलवण्यास थोडा विरोध केला, पण अखेर एक फळी मिळाली. आता केबल ९ मीटर आहे, आणि दंडोबावरून न विचारताच फरक कळला.

९ मार्च २०२५, रविवार

भिलवडीसाठी तीन दांड्यांची यागी केली. दांड्या पोलादी मोजपट्टीच्या आहेत : मागची १०५ सेंटीमीटर, पुढची ८९, आणि मधल्या दांडीचे ४५-४५ चे दोन तुकडे. आडवा दांडा पीव्हीसी पाइपचा. मोजपट्टी दुमडून पिशवीत बसते आणि सोडली की ताठ होते, म्हणून पुरात हलवायला सोयीची आहे. ही अँटेना सर्व बाजूंना वाटली जाणारी शक्ती एका दिशेला वळवते, त्यामुळे ५ वॅट समोरच्या केंद्राला तिप्पट-चौपट असल्यासारखे ऐकू येतात. माळावरून दंडोबाकडे रोखून धरली आणि भिलवडी ५-७ झाली. मोजपट्टीवरचा पिवळा रंग खरवडल्याशिवाय डाग बसत नाही, याची जाणीव पहिला सांधा हातात आल्यावर झाली.

२३ मार्च २०२५, रविवार

बॅटरीचा हिशेब मांडला. माथ्यावरच्या केंद्राने कोणत्याही मदतीविना २४ तास चालले पाहिजे, ही अट आहे. आमच्याकडे ४२ अँपिअर-तासांची १२ व्होल्टची शिशाची बॅटरी आहे. रिग नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर घेतो. २५ वॅटवर बोलताना साधारण ६ अँपिअर. दिवसाचा दहावा भाग, म्हणजे २.४ तास, बोलण्यात जातील असे धरले, तर बोलण्याचे १४.४ आणि ऐकण्याचे १०.८ मिळून २५ अँपिअर-तासांहून अधिक लागतील. बॅटरीवर ४२ छापलेले असल्यामुळे हे सहज भागेल, असे वाटते. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून आमच्या हाती खरे २१ च आहेत.

सौरपट्टी लावू, ही सूचना आली. पूर येतो तो सूर्य आठ-आठ दिवस न दिसणाऱ्या दिवसांत, त्यामुळे ती केवळ आधार म्हणून सोबत ठेवू, हिशेबात धरणार नाही. उत्तर अगदी साधे निघाले : शक्ती कमी करायची. १० वॅटवर रिग ३ अँपिअरच्या आसपास घेतो, बोलण्याचा खर्च ७.२ वर येतो, आणि एकूण १८ होतात. डोंगरावरून १० वॅट पुरतात, हे १६ फेब्रुवारीला हरिपूरच्या ५ वॅटच्या हँडीनेच दाखवून दिले आहे. रिगवरील शक्तीच्या बटणाशेजारी आता लाल अक्षरांत ‘१०’ लिहिलेली पट्टी चिकटवली आहे.

१३ एप्रिल २०२५, रविवार

जिल्ह्याबाहेर, विशेषतः पुणे आणि मुंबईकडे, निरोप जायचा तर दोन मीटरचा बँड कामाचा नाही. त्यासाठी ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मीटरचा बँड. विश्रामबागेच्या गच्चीवर डायपोल, म्हणजे दोन बाजूंना ताणायची तारेची अँटेना, ताणली. प्रत्येक बाजूला १० मीटर तार, एक टोक पाण्याच्या टाकीला आणि दुसरे खालच्या कडुनिंबाच्या फांदीला. दूरदेशी बोलण्याची हौस असणारे सदस्य डायपोल जितकी उंच नेता येईल तितकी नेतात. आम्ही ती मुद्दाम गच्चीपासून चार मीटरांवर ठेवली, कारण अशी खालची तार लहरी जवळजवळ सरळ वर फेकते, त्या आयनावरणावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आपटून छत्रीसारख्या चारशे-पाचशे किलोमीटरच्या परिघात खाली येतात, आणि मधला सह्याद्री आडवा येत नाही. दुपारी मुंबई आणि पुणे, दोन्हीकडची केंद्रे उत्तम मिळाली. सौरडागांचे चक्र सध्या शिखराजवळ असल्याने संध्याकाळी उशिरापर्यंत जवळची केंद्रे टिकून राहिली. चक्र उतरल्यावर असे राहणार नाही.

या बँडवर शहरातील गोंगाट हा खरा शत्रू आहे. शेजारच्या सोसायटीतील एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर मिळून रिगच्या मीटरचा काटा एस-७ वर, म्हणजे जोराच्या सातव्या खुणेवर, धरून ठेवतात. दुपारी तीनला भागातील वीज गेली आणि काटा एकदम खाली बसला; हेडफोनमध्ये इतकी शांतता पसरली की तार तुटली असे वाटून दोघेजण गच्चीकडे धावले. तार जागेवर होती. बाकीच्या गल्लीने वीज गेल्याबद्दल जे उद्गार काढले, ते आम्ही त्या दिवशी तरी काढले नाहीत.

२७ एप्रिल २०२५, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहीत आहे, कारण तीन महिन्यांत अँटेना, केबल आणि बॅटरीवर घेतलेले कष्ट आज एका शब्दात वाया गेले.

संदेशांचा पहिला सराव ठेवला होता. प्रत्येक केंद्राला बंद पाकिटात दहा काल्पनिक निरोप दिले होते, आणि ते दंडोबामार्गे विश्रामबागेच्या केंद्रावर पोहोचवायचे होते. हरिपूरच्या पाकिटातील तिसरा निरोप नदीच्या पातळीचा होता : ‘एकोणचाळीस फूट’. हरिपूरने तो नीट वाचला. दंडोबावर वारा होता आणि माइकमध्ये तो घोंघावत होता. विश्रामबागेच्या कागदावर उतरले ‘४९ फूट’.

एकोणचाळीस आणि एकोणपन्नास. सुरुवात तीच, शेवट तोच. फरक मधल्या दोन अक्षरांत, आणि वाऱ्याने नेमकी तीच खाल्ली. एकोणचाळीसला इशारा पातळीही आलेली नसते. एकोणपन्नास म्हणजे धोक्याच्या पातळीच्या चार फूट वर. खऱ्या पुरात हा कागद पुढे गेला असता तर काय झाले असते, यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. चूक चौदा मिनिटांनी सापडली, तीही चौथ्या निरोपात ‘पाणी अजून काठाखाली आहे’ असे वाक्य होते म्हणून.

दोष माथ्यावरच्या सदस्याचा नाही. मराठीतील शंभरपर्यंतचे आकडे बोलताना गोड लागतात, रेडिओवर ते घातक आहेत. त्रेचाळीस-त्रेसष्ट, सत्तेचाळीस-सदतीस, पंचावन्न-पंच्याण्णव, अशा जोड्यांची यादी आम्ही खालच्या आवाजात एकमेकांना वाचून दाखवत फळ्यावर लिहिली आणि ती थांबेना. काकांनी ‘चाळीसला एक कमी’ असे सांगावे, असे सुचवले. त्यातला ‘एक कमी’ ऐकू आला नाही तर काय, असे त्यांच्याच नातीने विचारले, तेव्हा ते हसून गप्प बसले.

गावांच्या नावांनीही असाच घोळ घातला. अंकली आणि अंकलखोप, दुधगाव आणि दुधोंडी, सांगली आणि सांगलीवाडी. ‘अंकलखोप’चा शेवट बुडाला की मिरजेजवळची अंकली उरते, आणि बोट भलत्याच तालुक्यात जाते.

४ मे २०२५, रविवार

सरावातील चुका पुढे ठेवून नियम लिहिले. आकडा अंकाअंकाने बोलायचा : ‘तीन, नऊ, फूट’. ‘सात’ आणि ‘आठ’ खरखरीत सारखे ऐकू येतात. शंका आली तर एकपासून मोजत त्या अंकावर थांबायचे. गावाबरोबर तालुका सांगायचा : ‘अंकलखोप, तालुका पलूस’. घेणाऱ्याने पूर्ण निरोप परत वाचून दाखवायचा, आणि देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय तो पुढे द्यायचा नाही. ‘कळले’, ‘ओके’, ‘चालेल’ यांना पोच मानायचे नाही.

संदेशाचा कागद छापून घेतला. क्रमांक, तातडी, वेळ, कोणाकडून, कोणाला, मजकूर, आणि मजकुरातील शब्दसंख्या. शब्दसंख्येला सर्वांनी नाके मुरडली होती. घेतलेले शब्द आणि सांगितलेली संख्या जुळली नाही की काहीतरी गळले आहे हे ताबडतोब कळते, असे दोनदा अनुभवल्यावर कुरकुर थांबली.

संध्याकाळी याच नियमांनी अर्धा तास बोललो. आज ते संभाषण नाटकातल्यासारखे वाटले.

‘माथा, हरिपूर बोलतो. निरोप क्रमांक सात. एक दोन तीन चार पाच सहा सात. ओव्हर.’

‘हरिपूर, क्रमांक सात मिळाला. मजकूर सांगा, सावकाश. ओव्हर.’

माथा, हरिपूर ही सोयीची नावे आहेत. स्वतःचे परवान्यावरील कॉल साइन प्रत्येकाने ठरावीक वेळाने सांगायचेच, हेही कागदाच्या माथ्यावर छापले आहे.

१० मे २०२५, शनिवार

उद्याची दंडोबावरील चाचणी पुढे ढकलली. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले आहेत आणि वातावरण तणावाचे आहे. अशा दिवसांत डोंगरावर बांबू, तारा आणि वायरलेस घेऊन चढणाऱ्या पाच माणसांनी कितीही परवाने दाखवले, तरी पायथ्याच्या गावांना उगाच घोर लागेल. आजचा वेळ नव्या उमेदवारांच्या अभ्यासाला दिला. परीक्षेला वयाची अट १२ वर्षांची आहे, आणि काकांची नात या वर्षी बसणार आहे. परवाना मिळेपर्यंत तिने ऐकायचे आणि लिहायचे, बटण दाबायचे नाही; तिचे अक्षर आमच्या सर्वांपेक्षा चांगले असल्यामुळे कागद लिहिण्याचे काम आधीच तिच्याकडे गेले आहे.

२७ मे २०२५, मंगळवार

पाऊस यंदा आमचे वेळापत्रक विचारात न घेता आला. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि काल, २६ ला, मुंबईत पोहोचला. जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची म्हणून ठेवलेली जलरोधनाची कामे राहून गेली होती, आणि त्याची शिक्षा ताबडतोब मिळाली.

विश्रामबागेच्या जे-पोलचा एसडब्ल्यूआर १.२ वरून ३ च्या पुढे गेला. पावसाच्या उघडिपीत वर जाऊन कनेक्टर उघडला तेव्हा त्यातून चमचाभर पाणी बाहेर आले. साध्या काळ्या टेपचे चार वेढे होते. उन्हाने त्यांचा गोंद वितळून कडा सुटल्या होत्या. केबलची जाळी दीड वीत आतपर्यंत हिरवट काळी पडली होती. पाणी जाळीतून वातीसारखे चढते, त्यामुळे टोक कापून भागत नाही. स्वच्छ तांबूस तार दिसेपर्यंत कापत जावे लागते. दोन फूट केबल गेली.

नवा कनेक्टर बसवून त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, वर काळी टेप खालून वर अशी वेढली की कौलांप्रमाणे प्रत्येक वेढा खालच्यावर चढेल, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला हातभर झोल दिला. झोलाच्या तळाशी पाणी ठिबकून जाते, भिंतीच्या भोकातून रिगकडे येत नाही. काकांनी आयुष्यभर लोकांच्या घरांच्या सर्व्हिस वायरला असाच झोल दिला आहे. अँटेना बसवली त्या दिवशी ते गावाला गेले होते आणि आम्ही त्यांना विचारलेही नव्हते.

इतर चारही ठिकाणचे कनेक्टर या आठवड्यात उघडून पाहायचे आहेत.

१५ जून २०२५, रविवार

काल सकाळी नऊपासून आज सकाळी नऊपर्यंत पूर्ण साखळीचा सराव झाला. माथ्यावर आम्ही तिघे होतो. आवश्यक ती परवानगी घेऊन पायवाटेपासून दूर, ताडपत्रीखाली केंद्र मांडले. दिवसभर रिमझिम आणि रात्री दहानंतर दाट धुके होते. रात्री अडीचला भिलवडीचा आवाज खाली गेला. यागी वाऱ्याने फिरून भलतीकडे रोखली गेली होती. तेथील सदस्याने उठून ती दोरीने खिडकीच्या गजाला बांधली. यागीला दोर हवाच, ही नोंद तेथेच केली.

एकूण ६० निरोप ठेवले होते. ५७ अक्षरशः जसेच्या तसे पोहोचले. दोन निरोपांत एकेक शब्द गळला आणि शब्दसंख्येमुळे तो लगेच पकडला गेला. एक निरोप मात्र हरवला : माथ्यावर लिहून घेतलेला कागद ताडपत्रीवरून टपकलेल्या पाण्याने भिजून वहीला मागून चिकटून बसला होता. शाईचे पेन बाद. यापुढे शिसपेन्सिल आणि प्लास्टिकची पिशवी.

वेळ अपेक्षेपेक्षा जास्त लागतो. वीस शब्दांचा निरोप घेणे, परत वाचणे, पुढे देणे, पुन्हा परत ऐकणे, यात सरासरी चार मिनिटे जातात. तासाला पंधरा निरोप, तेही माथ्यावरचा माणूस ताजा असताना. दोन तासांनंतर जीभ जड होते आणि चुका सुरू होतात, म्हणून दोन तासांची पाळी ठरवली. तासाला पंधराच निरोप जाणार असतील तर कोणते पंधरा, हे ठरवण्याचे काम आमचे नाही. ते प्रशासनाच्या माणसाने विश्रामबागेत शेजारी बसून करायला हवे. त्यासाठी तेथे एक खुर्ची आणि एक चहाचा थर्मास जादा ठेवायचा.

बॅटरी सकाळी साडेनऊला, रिग बंद करून अर्धा तास विसावू दिल्यावर, १२.२ व्होल्टवर होती. म्हणजे जवळपास निम्मी. कागदावरचा हिशेब सहसा इतका जुळत नाही, त्यामुळे मी मीटर बदलून पुन्हा मोजली.

२२ जून २०२५, रविवार

उरलेली कामे पाहिली. हरिपूरच्या हँडीची जादा बॅटरी अजून आलेली नाही. चौथ्या जे-पोलची वाकडी दांडी अखेर सरळ केली; एसडब्ल्यूआर १.४. यागीला दोर बांधला. विश्रामबागेतील रिग, वीजपुरवठा आणि कागदांची पेटी तिसऱ्या मजल्यावर गेली असून तिची किल्ली तिघांकडे आहे.

सकाळी सातचे नेट (सर्व केंद्रांनी ठरल्या वेळी एकत्र बोलणे) आजपासून रोज सुरू केले. भिलवडीच्या सदस्याने गावातल्या पूररेषेच्या खुणेशी ताडून पाण्याची पातळी सांगितली, अंकाअंकाने. माथ्यावर कोणी नसल्यामुळे तो निरोप मिरजेने मध्ये घेतला आणि परत वाचला. विश्रामबागेत काकांच्या नातीने तो शिसपेन्सिलने उतरवला, शब्द मोजले, आणि एक शब्द कमी भरतो म्हणून काकांना माइकवरून पुन्हा विचारायला लावले. भिलवडीने ‘फूट’ म्हणायचे सोडले होते.